पास देणाऱ्यांचा संघ

४ नोव्हेंबर

भाऊजी,

आधी आशीर्वाद, मग भांडण.

काल तुमच्या बास्केटबॉल क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला होता. तुम्ही जनरल मॅनेजर झाल्यापासून या तीन सीझनमध्ये कोणाला घेतलंत, कोणाला सोडलंत, कोणाच्या बदल्यात कोणाला आणलंत, यातलं किती बरोबर आणि किती चूक ते बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं ठरलंय म्हणे. बाहेरचा माणूस म्हणजे मी. मी म्हटलं, अहो, ते माझे सख्खे दीर आहेत. तर म्हणाले, "माहीत आहे आम्हाला. कॉलेजच्या संघाच्या कोच असताना तुम्ही सख्ख्या भाचीला संघातून काढलं होतं, तेही माहीत आहे." ही गोष्ट त्यांच्या कानावर कोणी घातली ते मी विचारत नाही. माझी बहीण त्यापायी अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तुम्ही त्या गोष्टीची जाहिरात करताय.

मी हो म्हणून बसले. रिटायर झालेल्या माणसाला कोणी काही विचारलं की बरं वाटतं, तेवढंच असेल. तीन सीझनच्या सामन्यांचं रेकॉर्डिंग पाठवतो म्हणालेत. जानेवारीतल्या बैठकीआधी अहवाल द्यायचा आहे, आणि तुमची नोकरी राहणार की जाणार ते त्यावर ठरणार आहे. हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला आधी कळलंच नाही.

तेव्हा आताच सांगून ठेवते, या विषयावर फोन करायचा नाही. एक तर मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजव्या कानात तुम्ही लाडीगोडी लावता. जे काय सांगायचं ते कागदावर सांगा. हे असते तर दोघा भावांनी मिळून मला गप्प केलं असतं. यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता मला गप्प करणारं घरात कोणी नाही.

पहिला प्रश्न. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढत होते त्या उंच खेळाडूला, तुम्ही सगळे ज्याला खांब म्हणायचात, त्याला का सोडलंत? आणि दुसरा. मागच्या सीझनला तुम्ही खालून दुसरे आलात. एवढं कसं काय जमवलंत?

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

वाकून नमस्कार. भाचीची गोष्ट मीच सांगितली. तुमचं नावही मीच सुचवलं. दुसरा जो होता तो कॉम्प्युटरमध्ये आकडे घालून खेळाडू बरा की वाईट ते सांगतो. मान द्यायचीच आहे तर घरच्या माणसाच्या हातात दिलेली बरी.

खांबाचं सांगतो. लोकांना वाटतं माझं डोकं फिरलं होतं. त्याची पाठ कामातून गेली होती, वहिनी. डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं, ज्या क्लबनं त्याला घेतलं त्यांनाही आम्ही स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना तो सामन्यात थोडा वेळच हवा होता, तेवढं त्याला झेपणार होतं. पेपरवाल्यांना मात्र कळू देऊ नका म्हणून त्यानं माझे हात धरले. मग काय, शिव्या मी खाल्ल्या. आमच्या स्टेडियमच्या बाथरूममध्ये माझ्याबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला पत्रात लिहिता येणार नाही. व्याकरण बरं आहे, एवढंच.

त्याच्या बदल्यात जे दोघे आले, त्यातला एक पोस्टमन. हे नाव मीच ठेवलं. खालच्या लीगमध्ये बेंचवर सडत होता. पास असा देतो की घेणाऱ्याला हात लांब करावा लागत नाही, चेंडू घरपोच येतो. तुम्ही त्याला बघाच.

खालून दुसरे कसे आलो, याचं उत्तर मला येत नाही. माझं ऑफिस प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. छत तिरकं आहे, उठताना डोकं आपटतं. सामना चालू असताना वरून पायांचा आवाज येतो. लोक जिंकताना नाचतात तो आवाज वेगळा आणि सामना सोडून लवकर घरी निघतात तो वेगळा. हल्ली मी दुसराच ऐकतो. पूर्वी हरलो की मला झोप लागत नसे. आता लागते, आणि सकाळी उठल्यावर त्याचंच वाईट वाटतं.

थकलोय, वहिनी. पण या वयात दुसरा क्लब मला दारात उभं करणार नाही. हे काम गेलं तर टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांच्या मॅनेजरना अक्कल शिकवणारा आणखी एक म्हातारा होईन मी. दुसरं काही येत नाही मला. बायको नाही, पोरं नाहीत, जे आहे ते हे बारा खेळाडू. लिहिताना एवढं ध्यानात असू द्या.

तुमचा,
भाऊजी


९ डिसेंबर

भाऊजी,

उशीर झाला. रेकॉर्डिंग बघत होते. दुपारी जेवण झालं की पडदे ओढून बसते. शेजारीण विचारत होती, हल्ली कुठली मालिका बघता एवढी? म्हटलं, आहे एक, सगळे शेवटी हरतात.

खांबाला सोडलंत ते बरोबर केलंत. त्याचं कारण जगाला न सांगता शिव्या खाल्ल्यात, ते मॅनेजर म्हणून बरोबर की चूक मला माहीत नाही, माणूस म्हणून बरोबर होतं. पोस्टमनला बेंचवरून उचललंत ती नजर माझ्याकडे असती तर आमच्या कॉलेजच्या कपाटात आणखी दोन कप दिसले असते. तुमचे बाकीचे खेळाडूही एकेकटे घेतले तर कुठल्याही संघात शोभतील. हे मी अहवालात लिहिणार आहे.

पण सगळे एकत्र खेळायला लागले की काय होतं, ते तुम्हाला खरंच दिसत नाही का? चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकायचा, नाहीतर भोंगा वाजणार आणि चेंडू समोरच्यांना मिळणार, हा नियम मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या संघाच्या सामन्यात तो भोंगा एवढा वाजतो की दाराची बेल समजून मी एकदोनदा उठून गेले. चेंडू पाहुण्यासारखा पाची जणांच्या घरी जाऊन येतो. जो तो आग्रह करतो, ठेवून कोणी घेत नाही. बास्केटखाली मोकळा उभा असलेला खेळाडूसुद्धा मान वळवून दुसऱ्याला शोधतो.

आणि पाचातले चार डावखुरे. समोरचे आता शहाणे झालेत, डावीकडे गर्दी करून उभे राहतात. हे ठरवून केलंत की झालं?

एकच विचारते. खेळाडू निवडताना तुम्ही काय बघता? पेपरात सांगता ते नको, कोचला सांगता तेही नको. मला एक शंका आहे. ती चुकीची असली तर बरं, म्हणून आत्ता लिहीत नाही.

वहिनी


१६ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि नंतर कोचला बोलावून त्यातला चांगला भाग वाचून दाखवला. वहिनी आपल्या बाजूनं आहेत असं त्याला सांगून टाकलं. भोंग्याचा परिच्छेद वाचला नाही. त्याला तो भोंगा घरी जाऊनही ऐकू येतो.

काय बघतो ते सांगतो. आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून धड सांगता येईल का बघू. मी बास्केट होताना बघतच नाही. पास दिल्यावर खेळाडू काय करतो ते बघतो. बहुतेक जण चेंडूच्या मागे बघत राहतात, गेला की नाही. थोडे असे असतात की चेंडू सोडून ज्याला दिला त्या माणसाकडे बघतात. तो चुकला तर त्यांचं तोंड पडत नाही. नुसती मान हलवतात आणि पुढच्या वेळी परत त्यालाच देतात. असा माणूस दिसला की मग मला उंची दिसत नाही, वय दिसत नाही, गुण किती केले ते दिसत नाही. वाटतं, हा आपल्याकडे हवा. डावखुरे निघाले तो योगायोग. मी हात बघून कोणाला घेत नाही.

कोचला एक नवीन हवा आहे. आम्ही त्याला हावरा म्हणतो. पंचवीस वर्षांचा आहे. चेंडू हातात आला की त्याला बास्केट सोडून जगात काही दिसत नाही, आई समोर उभी राहिली तरी पास द्यायचा नाही. गुण पोत्यानं करतो, ते मान्य. पण असल्या माणसाच्या शेजारी बसून बसमधून गावोगाव हिंडायची माझी तयारी नाही. त्याला बघितलं की माझं डोकंच उठतं, का ते विचारू नका. मी दुसरा एक बघून ठेवलाय, शांत आहे, समजूतदार आहे. तोही डावखुराच आहे, आता हसू नका.

नवीन खेळाडू घ्यायची मुदत जानेवारीअखेर संपते. अहवालात या नव्या मुलाच्या बाजूनं दोन ओळी पडल्या तर कोचचं तोंड बंद होईल. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

तुमची शंका काय ती लिहा.

भाऊजी


३ जानेवारी

भाऊजी,

अहवाल काल पाठवला. तुम्हाला आधी दाखवला असता तर तुम्ही काहीतरी बोलला असतात आणि मी चार शब्द मऊ केले असते. म्हणून आधी पाठवला आणि आता हे लिहितेय.

त्यात काय आहे ते माझ्याकडूनच ऐका. एकेक निवड पाहिली तर बहुतेक बरोबर आहेत. संघ म्हणून पाहिलं तर चूक आहे. आणि मॅनेजरना ती चूक दिसत नाही, दिसणारही नाही, त्यामुळे त्यांच्या हातून ती पुन्हा होईल. म्हणून खेळाडू निवडण्याचं काम त्यांच्याकडे ठेवू नये. असं लिहिलंय. का दिसणार नाही, ते अहवालात लिहिलेलं नाही. ते क्लबचं काम नाही, आपल्या घरातलं आहे.

पोस्टमन फ्री थ्रोच्या आधी डाव्या हातानं मान चोळतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवलं, स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. दुसऱ्या एकाची धावताना उजवा खांदा जरा खाली सोडायची सवय. तिसरा चुकलेल्याच्या पाठीवर हळूच मूठ मारतो. आणि मग तुमचं पत्र आलं. पास देऊन माणसाकडे बघणारा, चुकला तर मान हलवणारा, परत त्यालाच देणारा. भाऊजी, लिहिताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही की आपण कोणाचं वर्णन करतोय? तुम्ही खेळाडू निवडत नाही. तुम्ही तुमच्या दादांना गोळा करताय.

मी काही फार शहाणी नाही. पहिले बरेच दिवस मी काम केलंच नाही. पडदे ओढून यांना बघत बसले. तुमचा संघ हरत होता आणि मी खुशीत होते. खरं सांगायचं तर उशीर त्यामुळे झाला.

पण मी जन्मभर कोच होते, आणि कोचला कधी ना कधी गुणफलकाकडे बघावं लागतं. तुम्ही दोघं भाऊ कंपनीच्या संघात खेळायचात तेव्हा हे पास द्यायचे आणि लोक वाहवा करायचे, ती कशाच्या जोरावर? पुढे तुम्ही असायचात म्हणून. मिळेल तिथून फेकायचात. कोणाकडे बघायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, एक नंबरचे हावरट होतात. सासूबाई म्हणायच्या, याला ताटातलंसुद्धा कोणाला द्यायला नको. तुम्ही बास्केट करायचात म्हणून यांचा पास कामाला यायचा. नाहीतर हे नुसते चांगले गृहस्थ राहिले असते. आता तुम्ही दादांना चारी कोपऱ्यांत उभं केलंत आणि त्यांनी चेंडू द्यायचा कोणाला, तर कोणी नाही. स्वतःला संघात घ्यायचं विसरलात.

ज्याला बघून तुमचं डोकं उठतं तो मुलगा म्हणजे पंचवीस वर्षांचे तुम्ही आहात. त्याला घ्या. जायचंच आहे तर तेवढं करून जा.

रागवाल. रागवा. मला हे लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही. नुसती थकलेय.

वहिनी


९ जानेवारी

श्रीमती वहिनीसाहेब यांस,

अहवाल पोहोचला. अध्यक्षांनी मला बोलावून त्यातले उतारे वाचून दाखवले. "दिसणारही नाही" हे वाचताना त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ती दया मला जन्मभर पुरेल.

दादांना यात ओढायला नको होतं. मी तीस वर्षं हा खेळ बघतोय. मला पास कळतो म्हणून मी पास देणारे घेतो, त्यात तुम्हाला मेलेली माणसं दिसत असतील तर तो तुमच्या बंद पडद्यांचा दोष आहे. आणि मी हावरट होतो हे तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवलं होतंत, तेही कळलं. ठीक आहे.

भाचीला काढलंत तेव्हा सगळ्या घरात मी एकट्यानं तुमची बाजू घेतली होती. तुमची बहीण का बोलत नाही ते आता समजतंय.

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये.


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही खरंच उत्तर पाठवलं नाहीत. मला वाटलं होतं तरीही पाठवाल.

बैठक झाली. सीझन संपला की मला मोकळं करणार आहेत. निवडीचं काम तेव्हाच काढून घेतलं, फक्त जानेवारीअखेरची शेवटची सही माझी लागत होती. ती करायच्या आधी मी ऑफिसमध्ये जुने सामने लावून बसलो. तुम्हाला खोटं पाडायचं होतं. पोस्टमन मान चोळताना दिसला. तीन सीझन तो माझ्यासमोर मान चोळतोय, वहिनी, आणि मला वाटायचं या मुलाला बघितलं की बरं का वाटतं.

हावऱ्याला घेतलं. त्यासाठी जागा करायची, म्हणजे दोघांना सोडायचं. कोचनं नावं दिली. एक तो खांदा सोडून धावणारा, आणि एक पोस्टमन. मी म्हटलं, पोस्टमन नको. कोच म्हणाला, हेच तर त्या अहवालात लिहिलंय. मी सही केली.

खेळाडूला समोर बसवून सांगायचं काम मॅनेजरचं. पहिला ऐकून उठला, हात मिळवला आणि गेला. मग पोस्टमन आला. मी ठरवून ठेवलेलं सगळं बोललो, क्लबची गरज, संघाचा तोल, तुझ्यात काही कमी नाही वगैरे. तो माझ्याकडे बघत होता. झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे साहेब, माझं होईल काहीतरी. तुमचं काय ठरलं? तुम्हालाही ठेवत नाहीत असं ऐकलं. कुठे जाणार तुम्ही?"

मी त्याला काढत होतो आणि तो मला हे विचारत होता. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. चांगला मोठ्यानं. तो बिचारा पाण्याची बाटली हातात घेऊन उभा, जावं की थांबावं ते त्याला कळेना. उठताना माझं डोकं छताला आपटलं, तेव्हा दोघंही हसलो. मग तो गेला.

दादा गेले तेव्हा मी त्या वेळच्या संघाबरोबर बाहेरगावी होतो. पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तुम्ही दार उघडलंत, चहा ठेवलात, मी चहा प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या सामन्याला गेलो. त्यांना जा असं मी कधी म्हटलंच नव्हतं. या दोघांना सोडलं त्या दुपारी एकदम दोनदा म्हणावं लागलं.

आणि एक. तुमचं नाव मी का सुचवलं ते तुम्ही विचारलं नाहीत. वाचवाल म्हणून, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. आता वाटतं, तसं नव्हतं. हा संघ तुम्हाला दाखवायचा होता. तुम्हाला आवडेल असं वाटलं होतं.

आता अधूनमधून जिंकतो. हावरा कोणाला पास देत नाही, तरी बाकीचे त्याला देतात. बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसतो. खिडकीची जागा त्यालाच लागते.

पुढच्या महिन्यात खोली सोडतोय. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही.

भाऊजी


२ मार्च

भाऊजी,

कुठे जायचं ते ठरलेलं नाही म्हणजे काय? वरची खोली काय भाड्यानं दिली आहे मी? खिडकी नीट लागत नाही आणि पंखा कुरकुरतो, ते आल्यावर बघा. सामान आणाल ते निवडून आणा, तुमच्या क्लबच्या बॅगा आणि बूट मला घरात नकोत. दिवस कळवा, म्हणजे गादी उन्हात घालते.

तुम्ही उत्तर नको म्हणालात म्हणून पाठवलं नाही. एक लिहून ठेवलं होतं. ते फाडून टाकलं, कारण त्यात मी माफी मागितली होती आणि ती खोटी होती. अहवालातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. त्याचं मला वाईट वाटतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच लिहीन. हे दोन्ही खरं आहे. त्यात मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. म्हणजे घर माझं आहे, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

पण तुमचं पत्र वाचून मला माझी लाज वाटली. तुम्ही दोघांना समोर बसवलंत, तोंडानं सांगितलंत आणि दारापर्यंत जाऊ दिलंत. मी काय केलं? इथे बसून तुम्हाला 'यांना सोडा' म्हणून सांगितलं आणि मोकळी झाले. काम तर डिसेंबरातच संपलं होतं. अजून जेवण झालं की पडदे ओढते, टीव्हीवर तुमच्या संघाचा सामना लावते. फेब्रुवारीत एकदा पोस्टमन दिसला नाही. म्हटलं, बेंचवर असेल, आता येईल. सामना संपून लोक घरी गेले, झाडूवाले आले, तरी मी बसले होते. पुढच्या सामन्यालाही तशीच बसले. मग तुमचं पत्र आलं.

तुम्ही आलात की हे असं बसणं मी बंद करीन. तोवर एक काम करा. तो कुठल्या संघात गेला ते तुम्हाला कळेल, तेवढं मला कळवा. मला त्याला भेटायचं नाही, काही सांगायचंही नाही. खेळताना नुसतं बघायचं आहे.

वहिनी